क्रमांकाने नाव नवे होत नाही

प्रोग्रामर जितकी नावे लिहितो, त्याहून कितीतरी अधिक नावे कंपायलर स्वतः तयार करत असतो. लांबलचक आकडेमोड टप्प्याटप्प्याने करायची तर मधली उत्तरे कुठेतरी ठेवावी लागतात. त्यासाठी कंपायलर तात्पुरती व्हेरिएबल घेतो आणि त्यांना ट१, ट२, ट३ अशी नावे देत जातो. हे काम इतके कारकुनी वाटते की त्यावर कोणी फारसा विचार खर्च करत नाही. एक काउंटर ठेवायचा, नवे नाव लागले की तो एकाने वाढवायचा, झाले. पण याच साध्या व्यवस्थेतून काही अत्यंत घातक बग जन्माला येतात. त्यांत प्रोग्राम कोसळत नाही, कंपायलर इशारा देत नाही, फक्त उत्तर चुकते. असा बग सापडला की तो मोजणीतली चूक म्हणून दुरुस्त केला जातो आणि विषय मिटतो. माझे म्हणणे असे की विषय तिथे मिटत नाही, कारण या बगाचे मूळ मोजणीत नसतेच. नाव नवे असणे हा त्या नावाचा स्वतःचा गुण आहे असे आपण धरून चालतो, आणि चूक तिथे होते. नवेपणा हा संबंध आहे. एखादे नाव कशाच्या तुलनेत नवे, हे सांगितल्याशिवाय ते नवे आहे असे म्हणता येत नाही. हा संबंध सांभाळण्याचे काम कंपायलर लिहिणाऱ्याच्या सावधपणावर न सोडता कंपायलरच्या रचनेवर टाकले पाहिजे.

हा धोका पॅटर्न मॅचिंगमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. समोर आलेली वस्तू कोणत्या आकाराची आहे ते पाहायचे, तिचे घटक वेगळे करून त्यांना नावे द्यायची आणि आकारानुसार पुढचे काम ठरवायचे, ही सोय फंक्शनल भाषांनी रुजवली. एडिंबरातली होप, तिच्याबरोबरची एमएल, पुढे हास्केल, असा तिचा प्रवास झाला. ही सोय कार्यक्षम कोडमध्ये कशी उतरवायची यावर लेनार्ट ऑगस्टसन यांनी १९८५मध्ये लिहिले, फिलिप वॉडलर यांनी १९८७मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली आणि ल्यूक मारांजे यांनी २००८मध्ये निर्णयवृक्षांची चांगली रीत दाखवली. दीर्घकाळ हा थोड्या जाणकारांचा प्रांत होता. आता पायथनमध्ये ३.१० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१पासून, आणि जावाच्या २०२३मधल्या २१व्या आवृत्तीत रेकॉर्डच्या पॅटर्नसह ही सोय आली आहे. त्यामुळे पॅटर्न मॅचिंगचा कोड आज रोजच्या कामाच्या प्रणालींत चालतो. नेमक्या याच सोयीत तात्पुरत्या नावांचा सुळसुळाट असतो, कारण उघडलेल्या प्रत्येक घटकाला कंपायलर आपले एक नाव देतो.

बग कसा घडतो ते एका छोट्या उदाहरणाने पाहू. बीजगणितातल्या राशी सोप्या करणारे एक फंक्शन आहे आणि त्यात तीन कलमे आहेत. पहिले कलम म्हणते, राशी ‘डावा अधिक उजवा’ अशी असेल, आणि डावा भाग स्वतः गुणाकार असून त्याचा पहिला अवयव शून्य असेल, तर उत्तर उजवा भाग. दुसरे कलम म्हणते, राशी बेरजेची असेल आणि उजवा भाग शून्य असेल, तर उत्तर डावा भाग. तिसरे म्हणते, नाहीतर राशी आहे तशी ठेवा. पहिल्या कलमातली अट तपासण्यासाठी डाव्या भागावर आणखी एक पॅटर्न मॅचिंग करावे लागते. आता ‘(३ × ०) + य’ ही राशी द्या. कंपायलरने तयार केलेला कोड पूर्ण राशी ट१मध्ये ठेवतो, डावा भाग ‘३ × ०’ ट२मध्ये आणि उजवा भाग ‘य’ ट३मध्ये. राशी बेरजेची आहे हे एकदा कळले की तो ते पुन्हा तपासत नाही, आणि तसे करणे योग्यच आहे. मग अटीतले आतले मॅचिंग सुरू होते. ते उतरवणाऱ्या कोडने काउंटर पुन्हा एकपासून सुरू केला, तर ट१मध्ये ‘३ × ०’ येते, ट२मध्ये ३ आणि ट३मध्ये ०. पहिला अवयव ३ आहे, शून्य नाही, म्हणून अट फसते आणि नियंत्रण दुसऱ्या कलमाकडे जाते. ते कलम ट३ पाहते. तिथे आता शून्य आहे. कलम जुळले असे समजून ते ट२ परत करते, म्हणजे ३. जी राशी तशीच राहायला हवी होती, जिचे मूल्य ‘य’ इतके आहे, तिचे उत्तर ३ आले. य शंभर असो की लाख, उत्तर ३च.

या चुकीची तीन वैशिष्ट्ये लक्षात घ्यावीत. पहिले, टाइप तपासणी तिला पकडत नाही, कारण ३ हीसुद्धा राशीच आहे. दुसरे, दोन्ही मॅचिंग सुटी सुटी तपासली तर निर्दोष ठरतात. आतल्याच्या दृष्टीने ट१ हे अगदी योग्य नाव आहे आणि बाहेरच्याच्या दृष्टीनेही. दोष त्यांच्या एकत्र येण्यात आहे. तिसरे, चूक दिसायला अनेक गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. अटीत दुसरे मॅचिंग हवे, ती अट फसायला हवी, पुढच्या कलमाने जुनी तात्पुरती मूल्ये वापरायला हवीत आणि आतल्या मूल्याने त्या कलमाची परीक्षा योगायोगाने पार पडायला हवी. म्हणून असा बग वर्षानुवर्षे दडून राहू शकतो. जो कोड क्वचित तपासला जातो त्यातच तो वर येतो, म्हणजे गुंतागुंतीच्या, महत्त्वाच्या कोडमध्ये.

हा एखाद्या निष्काळजी माणसाचा प्रमाद असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण याच जातीची चूक फार मोठ्या माणसांकडून झाली आहे. एका चिन्हाच्या जागी दुसरी राशी ठेवताना त्या राशीतले मोकळे नाव चुकून दुसऱ्याच बंधनात अडकणे, हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. डेव्हिड हिल्बर्ट आणि विल्हेल्म आकरमान यांच्या तर्कशास्त्रावरील १९२८च्या पुस्तकात असा बदल करण्याचा नियम अपुरा मांडला गेला होता आणि तो पुढे सुधारावा लागला. अलोंझो चर्च यांच्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये बांधलेली नावे बदलून घेण्याचा नियम अगदी पायाशी ठेवावा लागतो, तो याच कारणाने. सी भाषेत दोन व्हेरिएबलची अदलाबदल करणारा मॅक्रो आत एक तात्पुरते व्हेरिएबल घेतो. वापरणाऱ्याच्या व्हेरिएबलचे नाव नेमके तेच निघाले की मॅक्रो बिघडतो. लिस्पच्या परंपरेतही मॅक्रोंनी असाच त्रास दिला. १९८६मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइसन आणि ड्यूबा यांनी मॅक्रोचा विस्तार करताना नावांची सरमिसळ होऊच नये अशी पद्धत मांडली. तर्कशास्त्रज्ञ, भाषांचे रचनाकार आणि मॅक्रो लिहिणारे अशा वेगवेगळ्या काळांतल्या लोकांना तीच ठेच लागत असेल, तर दोष चालणाऱ्यात नाही, वाटेत आहे, असे मानणे भाग आहे.

आपल्या व्याकरणपरंपरेत या प्रश्नाचे एक फार बोलके उदाहरण आहे. पाणिनीच्या शिवसूत्रांत वर्णांच्या गटांच्या शेवटी खुणेचे वर्ण ठेवलेले आहेत आणि पहिला वर्ण व शेवटची खूण जोडून संपूर्ण गटाचे छोटे नाव तयार होते. हे तंत्र आजच्या अर्थाने यांत्रिक आहे. पण ‘ण्’ ही खूण दोनदा आली आहे, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्या सूत्राच्या शेवटी. त्यामुळे ‘अण्’ म्हटल्यावर कोणता ‘ण्’ घ्यायचा हा संदेह निर्माण होतो. परंपरेने तो सोडवला: ‘अण्’मध्ये एक ठिकाण वगळता पहिला, ‘इण्’मध्ये नेहमी दुसरा. पतंजलीच्या महाभाष्यात या द्विरुक्तीची चर्चा आहे, आणि संदेह आला म्हणून नियम टाकून द्यायचा नसतो, व्याख्यानाने विशेष अर्थ ठरवायचा असतो, अशी भूमिका तिथे घेतलेली आहे. माणसांच्या शास्त्रात ही भूमिका योग्य आहे, कारण तिथे नियम आणि त्याचा उपयोग यांच्यामध्ये विद्वान वाचक उभा असतो. कंपायलरच्या ट२पुढे मात्र कोणी भाष्यकार नाही. प्रोसेसर ‘येथे कोणता ट२ अभिप्रेत आहे’ असे विचारत नाही. म्हणून जी संदिग्धता व्याकरणात चर्चेचा विषय होते, ती यंत्रात थेट चुकीचे उत्तर होते. जिथे अर्थ लावणारा नाही तिथे संदेहाला जागाच राहू नये, ही जबाबदारी नाव देणाऱ्यावर येते.

नवेपणा हा संबंध आहे, हे म्हणणे गणिताने काटेकोरपणे मांडलेले आहे. १९९९पासून मर्डॉक गॅबे आणि अँड्र्यू पिट्स यांनी नावांचा जो सिद्धांत विकसित केला, त्यात ‘ताजे’ हे विशेषण एकट्या नावाला लागत नाही. ‘हे नाव त्या वस्तूच्या संदर्भात ताजे आहे’ असे दोन पदांचे विधानच तिथे अर्थपूर्ण ठरते. शाळेतल्या हजेरी क्रमांकासारखे हे आहे: ‘सातवा’ म्हटल्याने विद्यार्थी कळत नाही, कोणत्या तुकडीतला सातवा ते सांगावे लागते. काउंटर एकाने वाढवणाऱ्या फंक्शनला तुकडी माहीत नसते. ते फक्त ‘मी आधी दिलेल्या क्रमांकांहून वेगळा’ एवढेच सांगते. प्रोग्रामला हवे असते ते वेगळेच: ‘या जागी जी नावे जिवंत आहेत, त्यांतल्या प्रत्येकाहून वेगळे’. ही दोन विधाने बहुतेक वेळा एकत्र खरी ठरतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. ती जिथे वेगळी होतात तिथे बग उभा राहतो.

यावर अनुभवी माणूस म्हणेल, मग काउंटर संपूर्ण कंपायलरसाठी एकच ठेवा आणि तो कधीच मागे नेऊ नका. वरच्या उदाहरणापुरता हा उपाय चालतो, हे मान्य आहे. पण तो तत्त्व म्हणून टिकत नाही. कंपायलर एखाद्या फंक्शनचा मजकूर त्याच्या वापराच्या जागी आणून ठेवतो तेव्हा तोच कोड दोन ठिकाणी जातो आणि जन्मतः एकमेव असलेले नाव दोनदा दिसू लागते. सायमन पेटन जोन्स आणि सायमन मार्लो यांनी ग्लासगो हास्केल कंपायलरच्या या भागावर २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हाच धडा आहे. प्रत्येक नाव सदैव अद्वितीय ठेवण्याच्या भरवशावर न राहता, त्या त्या जागी कोणती नावे वावरात आहेत याचा संच बरोबर बाळगायचा आणि टक्कर होत असेल तेव्हाच नाव बदलायचे. शिवाय एकच काउंटर म्हणजे सामाईक अवस्था. फाइली समांतर कंपाइल करताना क्रमांक कोणत्या क्रमाने वाटले जातात यावर परिणाम अवलंबून राहिला, तर त्याच सोर्समधून दरवेळी तंतोतंत तोच निकाल मिळेल याची खात्री उरत नाही. सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेसाठी अशी पुनरावृत्ती आज आवश्यक मानली जाते, आणि याच हास्केल कंपायलरमध्ये अंतर्गत क्रमांकांमुळे ती बिघडत असल्याने त्यावर वेगळे काम करावे लागले. एका दोषावरचा उपाय दुसऱ्या ठिकाणी दोष होतो, कारण मूळ प्रश्नाला त्याने हात घातलेला नसतो.

दुसरा सुचवला जाणारा उपाय म्हणजे राखीव उपसर्ग. प्रोग्रामर सहसा लिहिणार नाही असे चिन्ह नावात घालायचे. जावाच्या अधिकृत व्याख्येत डॉलरचे चिन्ह यंत्राने तयार केलेल्या कोडसाठी वापरावे असे म्हटले आहे, पण प्रोग्रामरला ते वापरायला बंदी नाही. संकेत आणि हमी यांतला फरक इथे उघड होतो. त्याहून मोठी अडचण अशी की उपसर्ग कंपायलरला प्रोग्रामरपासून वाचवतो, स्वतःपासून वाचवत नाही. आपल्या उदाहरणात प्रोग्रामरने ट नावाचे काहीच लिहिले नव्हते. टक्कर कंपायलरच्या दोन हातांमध्ये झाली, आणि दोन्ही हात तोच उपसर्ग वापरत होते.

मग रचनेवर जबाबदारी टाकणे म्हणजे काय? याची उत्तरे जुनीच आहेत आणि ती एकाच दिशेला बोट दाखवतात: नावाची ओळख त्याच्या अक्षरांतून काढून घ्या. कॉमन लिस्पमध्ये नवे नाव देणारे फंक्शन क्रमांक लावते खरे, पण वेगळेपणाची हमी त्या क्रमांकावर नसते. मिळालेले चिन्ह ही एक स्वतंत्र वस्तू असते, आणि दोन चिन्हांवर तोच क्रमांक छापला गेला तरी ती दोन वेगळी चिन्हेच राहतात. क्रमांक माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. एलएलव्हीएम या कंपायलर बांधण्याच्या चौकटीतही अनामिक मूल्ये कंपायलरच्या स्मृतीत वस्तू म्हणून वावरतात आणि त्यांना क्रमांक छापताना दिले जातात. निकोलास डी ब्राऊन यांनी १९७२मध्ये याच्याही पुढे जाऊन नावच काढून टाकले आणि त्याच्या जागी ‘इथून बाहेर कितव्या बंधनाकडे बोट आहे’ हा आकडा ठेवला. तिथे अपघाताने झालेल्या नामसाम्याचा प्रश्न उरत नाही, कारण सारखी असण्याजोगी नावेच नाहीत. यावर आक्षेप असा की असे आकडे माणसाला वाचता येत नाहीत आणि बंधनांची पातळी बदलली की ते सरकवावे लागतात. ती सरकवणीही चुकते. आक्षेप बरोबर आहे. म्हणूनच एकच रीत सर्वत्र लादावी असे मी म्हणत नाही. मागणी एवढीच की कंपायलरच्या पोटात ओळख अक्षरांवर टांगलेली नसावी, आणि वाचनीय नाव मजकूर बाहेर लिहिण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, त्या जागची सगळी नावे समोर ठेवून, ठरवले जावे. सी किंवा जावास्क्रिप्टमध्ये कोड उतरवणाऱ्या कंपायलरना हे विशेष लागू आहे, कारण वस्तू मजकुरात उतरते त्या क्षणी तिची ओळख पुन्हा अक्षरांवर येऊन ठेपते.

सर्वांत व्यावहारिक आक्षेप चाचण्यांचा आहे: बग सापडेल तेव्हा दुरुस्त करू, त्यासाठी रचना कशाला बदलायची? याला पुरावा उत्तर देतो. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सीस्मिथ नावाचे साधन तयार करून यादृच्छिक पण वैध सी प्रोग्राम कंपायलरना दिले. त्यांच्या २०११च्या शोधनिबंधानुसार तीन वर्षांत ३२५हून अधिक पूर्वी अज्ञात असलेले बग कळवले गेले, आणि तपासलेला प्रत्येक कंपायलर वैध प्रोग्रामवर कधी कोसळला तर कधी त्याने गुपचूप चुकीचा कोड दिला. हे वर्षानुवर्षे चाचण्यांतून गेलेले कंपायलर होते. याच तपासणीत कॉम्पसर्ट हा झाव्हिये लरवा यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्समध्ये लिहिलेला, बऱ्याच अंशी गणिती सिद्धतेसह बांधलेला कंपायलरही होता. त्याच्या सिद्ध न केलेल्या भागांत बग सापडले. सिद्ध केलेल्या मधल्या भागात, सुमारे सहा सीपीयू-वर्षे खर्चूनही, चुकीचा कोड देणारा एकही बग मिळाला नाही. चाचण्या निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नाही. अर्थ असा की ज्या चुका भागांच्या संयोगातून जन्मतात, त्यांचे संयोग मोजून संपत नाहीत, आणि त्या अशक्य करणारी रचना त्यांच्यामागे धावणाऱ्या चाचणीपेक्षा भरवशाची असते.

सगळ्यांना सिद्धता परवडत नाही, हे खरे. पण सिद्धता आणि निव्वळ भरवसा यांच्यामध्ये बरीच मोकळी जमीन आहे. नवे नाव देणाऱ्या फंक्शनला वावरातल्या नावांचा संच सक्तीने मागायला लावणे ही एक पायरी आहे. संच न देता नाव मागताच येत नसेल, तर ‘कशाच्या तुलनेत’ हा प्रश्न विसरता येत नाही. नाव हा प्रकार साध्या अक्षरमालेपासून वेगळा ठेवणे ही दुसरी. प्रत्येक टप्प्यानंतर कंपायलरने आपलाच मजकूर तपासणे ही तिसरी. मात्र ही तपासणी टाइपवर थांबून चालणार नाही. आपल्या उदाहरणात टाइप बरोबरच होते. ‘प्रत्येक तात्पुरत्या व्हेरिएबलला मजकुरात एकाच जागी मूल्य मिळावे’ एवढा नियम तपासला असता, तर ट२ला दुसऱ्या जागी मूल्य मिळताना दिसताच बग उघडा पडला असता. या तिन्ही गोष्टी लहान कंपायलरलाही परवडतात. त्यांना मोठे संशोधन लागत नाही, फक्त हा प्रश्न कारकुनी आहे ही समजूत सोडावी लागते.

प्रोग्रामरने दिलेली नावे कोणी ना कोणी वाचतो. वाईट नावाला सहकारी हरकत घेतो, गोंधळात टाकणारे नाव पुनरावलोकनात बदलले जाते. कंपायलरने दिलेली नावे सहसा कोणी वाचत नाही. ज्याचा प्रोग्राम चुकतो तो आपलाच कोड पुन्हा पुन्हा तपासत राहतो, कारण दोष त्याच्या नजरेपलीकडच्या मजकुरात आहे आणि कंपायलरवर संशय घेण्याची सवय कोणालाच नसते. हा विश्वास कंपायलर लिहिणाऱ्यांना न मागता मिळालेला आहे. ज्याच्या कामावर वाचकाची देखरेख नाही, त्याने देखरेख स्वतःच्या रचनेत बांधून घेणे हे त्याचे कर्तव्य ठरते. कंपायलरचा अभ्यासक्रम शिकवताना ‘काउंटर एकाने वाढवा’ या वाक्यापाशी थांबून ‘हे नाव कशाच्या तुलनेत नवे?’ असे विद्यार्थ्यांना विचारले गेले, तर हिल्बर्टच्या काळापासून चालत आलेली ही चूक पुढच्या पिढीच्या कंपायलरमध्ये शिरण्याची वाट बरीच अरुंद होईल.